मांडीवरून उतरलेले मूल

२०१७ सालच्या मे महिन्यात आमच्यापैकी एकीची धाकटी बहीण, तिचा नवरा आणि त्यांची अकरा महिन्यांची मुलगी असे तिघे पुण्याहून न्यू जर्सीला राहावयास गेले. सोबतीला आई होती. मुंबई ते नेवार्क हा सोळा तासांचा प्रवास मुलीने आईच्या, वडिलांच्या आणि आजीच्या मांडीवर आळीपाळीने केला. विमानतळाबाहेर एक मित्र मोटार घेऊन आला होता. मागच्या आसनावर, गाडीच्या पाठीकडे तोंड करून, उसनी आणलेली एक छोटी खुर्ची पट्ट्यांनी आवळून बसवलेली होती. मुलीला तीत बसवले, खांद्यांवरून पट्टे घेतले, छातीवर चाप लावला, आणि तिने जो टाहो फोडला तो चाळीस मिनिटे थांबला नाही.

आजी शेजारीच बसलेली. तिला राहवेना. "अगं, काढ ना तिला. मी धरते घट्ट."

"आई, हात नको लावूस पट्ट्याला. इथे चालत नाही."

"इतका वेळ मांडीवरच होती की!"

पुढे फोनवर प्रवासाची हकीकत सांगताना आईने विमान, जेवण, इमिग्रेशनची रांग हे सारे चार वाक्यांत संपवले. या चाळीस मिनिटांवर मात्र ती दरवेळी परत येत असे. नातीच्या रडण्यापेक्षा आपली मांडी अचानक बेकायदा ठरली, हेच तिला अधिक लागले असावे.

प्रसंग किरकोळ आहे. परदेशी स्थायिक होणाऱ्या, अथवा लेकीसुनांच्या बाळंतपणासाठी सहा महिने जाऊन येणाऱ्या मराठी घरांत असे प्रसंग आता कोणी सांगण्याजोगेही मानत नाही. परंतु आजीचा प्रश्न आम्हांला किरकोळ वाटला नाही. आकाशात जी मांडी सुरक्षित होती ती जमिनीवर आल्याबरोबर असुरक्षित कशी झाली? आणि मुळात मांडीवर बंदी घालावी असे कोणत्या समाजाला, केव्हा आणि कशामुळे वाटले? आमचा प्रांत साहित्याचा, मोटारींचा नव्हे. पण प्रश्न मांडीचा असल्याने थोडा अधिकार आमच्याकडेही येतो असे समजून पुढचे लिहीत आहोत.

मराठीत मांडी हा केवळ शरीराचा भाग नाही. मूल दत्तक देणे म्हणजे मांडीवर देणे. मूल कडेवर असते, पाठुंगळी असते, कुशीत असते. या प्रत्येक जागेला भाषेने वेगळे नाव दिले आहे, पण हक्काची म्हणून जी जागा आहे ती मांडीच. भागवताच्या चौथ्या स्कंधातल्या ध्रुवाचे सारे दुःख एवढेच की त्याला बापाच्या मांडीवर बसू दिले नाही. त्या दुःखापोटी तो पाच वर्षांचा पोर अरण्यात गेला आणि त्याला मिळाले ते अढळपद, म्हणजे न हलणारी जागा. कार सीटच्या इतिहासाकडे पाहताना ही कथा आम्हांला वारंवार आठवत राहिली, कारण या इतिहासातही मूल मांडीवरून उतरवले जाते आणि त्याला न हलणारे आसन दिले जाते. फरक इतकाच की येथे सावत्र आई कोणी नाही; मांडीवर घेऊ इच्छिणारी आणि न घेणारी एकच बाई आहे. आपल्या पुराणांना मांडीची दुसरी बाजूही ठाऊक होती हे सोबतच नोंदवले पाहिजे. होलिकेने प्रल्हादाला मांडीवरच घेतले होते आणि हिरण्यकशिपूही मांडीवरच मारला गेला.

मुलांसाठी मोटारीतली वेगळी आसने १९३० च्या दशकात अमेरिकेत दिसू लागली. त्यांचा आणि सुरक्षिततेचा काही संबंध नव्हता. मूल गाडीत रांगत, चढत, ड्रायव्हरच्या अंगावर पडत असे. त्याला एका जागी डांबावे आणि त्याला खिडकीतून बाहेरचे दिसावे, म्हणून उंच करावे, इतकाच हेतू. पुढच्या दशकातली आसने तर कापडी झोळीसारखी, लोखंडी आकड्यांनी पुढच्या सीटच्या पाठीवर अडकवलेली असत. काहींना खेळण्यातले स्टिअरिंग चाकही लावलेले असे. त्या काळच्या जाहिरातींतली गोबरी मुले हे चाक फिरवताना हसत असतात. गाडी आदळली तर ते मूल आसनासकट काचेतून बाहेर जाईल, हे जाहिरात काढणाऱ्याच्या मनात आले नाही, बापाच्याही आले नाही.

मोठ्या माणसांची सोय आधी झाली. व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन याने आज सर्वत्र दिसणारा तीन बिंदूंचा पट्टा १९५९ साली आणला. हा पट्टा प्रौढाच्या खांद्याच्या आणि ओटीपोटाच्या हाडांवर बेतलेला आहे. मुलाच्या अंगावर तो गळ्याशी आणि पोटावर येतो, म्हणजे नेमका जेथे नको तेथे. १९६२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जीन एम्स यांनी वाय अक्षरासारख्या पट्ट्यांचे आणि अमेरिकेतील कोलोरॅडोत लेनर्ड रिव्हकिन यांनी धातूच्या सांगाड्याचे आसन तयार केले. मुलाला गप्प बसवण्याऐवजी मुलाला वाचवण्याच्या हेतूने केलेली ही पहिली आसने म्हणता येतील.

मात्र या इतिहासातला खरा कल्पक माणूस स्वीडनचा बर्टिल आल्डमन. तो डॉक्टर होता आणि पुढे गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात वाहतूक-सुरक्षेचा प्राध्यापक झाला. जेमिनी यानातील अंतराळवीर उड्डाणाचा प्रचंड दाब पाठीवर झेलतात, हे पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे आणि मान कोवळी. समोरून धक्का बसला की धड पट्ट्याने अडते आणि डोके पुढे फेकले जाते. सारा ताण मानेवर येतो. मूल उलटे, गाडीच्या पाठीकडे तोंड करून बसवले तर तोच धक्का पाठ, मान आणि डोके यांच्यावर एकाच वेळी, पसरून येतो. खुर्चीच मुलाला आपल्यात सामावून घेते. १९६४ च्या सुमारास त्याचा नमुना चाचणीसाठी तयार झाला आणि १९७२ मध्ये व्होल्वोने पाठमोरी खुर्ची बाजारात आणली. स्वीडिश आईबाप आजही चार वर्षांपर्यंत मूल पाठमोरेच बसवतात.

आल्डमनची ही खुर्ची आम्हांला एका कारणासाठी विलक्षण वाटते. मुलाची काळजी घेणे म्हणजे त्याचे तोंड आपल्याकडे ठेवणे, ही जगातल्या सगळ्या आयांची समजूत असते. येथे मूल दिसत नाही, ते रडले तर का रडले हे कळत नाही, आणि त्यालाही पुढे बसलेली आई दिसत नाही. अत्यंत प्रेमाने केलेली ही व्यवस्था दोघांनाही पाठ फिरवल्यासारखी वाटते. नेवार्कहून निघालेल्या त्या गाडीत जे घडले त्याचे मूळ हे असे गोथेनबर्गला आहे.

मांडीविरुद्धचा युक्तिवाद मात्र भावनेने नव्हे, गणिताने जिंकला गेला, आणि ते गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचेच आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीस पट ओढ येते. दहा किलोचे मूल त्या क्षणी दोनशे किलोच्या गोणीसारखे पुढे जाते. दोनशे किलो कोणती आई दोन हातांत धरू शकेल? आणि हे पट्टा बांधलेल्या आईचे झाले. आईने पट्टा बांधलेला नसेल तर तिचे स्वतःचे साठ किलोही वीस पटींनी वाढून पुढे जातात, आणि तिच्या व समोरच्या फळीच्या मध्ये असते मूल. ब्रेक लागताच शेजारच्या मुलासमोर आडवा होणारा आईचा हात आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या हाताची मर्यादा या आकड्यांत आहे.

हे गणित कायद्यात उतरण्यास मात्र बराच काळ लागला, आणि ते उतरले तेही अर्धेमुर्धे. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने वाहन-सुरक्षेचा कायदा केला. त्यातून १९७१ मध्ये मुलांच्या आसनांसाठी पहिले संघीय मानक आले, ते आजही ‘मानक क्रमांक २१३’ म्हणूनच ओळखले जाते. त्यात आसन गाडीच्या पट्ट्याने बांधलेले असावे वगैरे अटी होत्या, पण ते आदळून पाहण्याची अट नव्हती. १९७२ मध्ये ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ मासिकाने बाजारातील आसने प्रत्यक्ष आदळून पाहिली तेव्हा बहुतेक नापास झाली. ताशी ३० मैलांच्या, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरच्या धक्क्याची चाचणी सक्तीची व्हायला १९८१ चा जानेवारी उजाडला. मधल्या दहा वर्षांत सरकारमान्य आसनात मूल बसवून निश्चिंत झालेल्या आईबापांची निश्चिंती किती पोकळ होती, हे त्यांना कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

शिवाय आसन कसे असावे हे सांगणे वेगळे आणि ते वापरलेच पाहिजे हे सांगणे वेगळे. दुसरी गोष्ट सांगणारे पहिले राज्य न्यूयॉर्क नव्हे, कॅलिफोर्नियाही नव्हे. ते दक्षिणेतले टेनेसी होते. तेथील मर्फ्रीसबरो या लहान गावचे बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांनी पत्नीच्या सोबतीने आमदारांची दारे झिजवली. पहिल्या खेपेस विधेयक बारगळले. विरोधकांचे म्हणणे परिचित होते: माझे मूल, माझी गाडी, सरकारचा काय संबंध? अखेर १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. चार वर्षांखालील मुलाला गाडीत सुरक्षा-आसनात बसवणे आईबापांवर बंधनकारक झाले.

परंतु संमत होताना त्यात एक अपवाद घुसला. मूल प्रौढ माणसाच्या हातांत असेल तर आसन नको. आईच्या हातातले मूल सुरक्षितच असते, प्रसूतीनंतर घरी नेताना ते तिच्याच हातात शोभते, ही त्यामागची समजूत. मतांसाठी केलेली तडजोड म्हणून ती पाहता येते. आम्हांला ती अधिक खोल वाटते. कायदा लिहिणाऱ्यांनाही मांडी सोडवत नव्हती. सँडर्स या दुरुस्तीला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ म्हणत. गणित त्यांना माहीत होते: हा अपवाद कायद्याच्या बाहेरचा नव्हता, ज्या मृत्यूंसाठी कायदा केला त्यांनाच तो आत घेत होता. १९८१ मध्ये अपवाद रद्द झाला. आमच्या मते मांडी अधिकृतरीत्या हरली ती तारखेने येथेच. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत या प्रकारचे कायदे झाले, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ‘पहिला प्रवासच सुरक्षित असो’ अशा आशयाची मोहीम चालवली, आणि खुर्ची दाखवल्याखेरीज बाळ-बाळंतिणीला घरी न सोडण्याचा रिवाज रुग्णालयांत रुळला. आपल्याकडून लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आया या रिवाजाचे वर्णन थोड्या अचंब्याने करतात. बारशाच्या आधी खुर्ची आणावी लागते, असे त्या म्हणतात.

येथपर्यंतची कथा एका देशाची. परदेशी जाणाऱ्याची पंचाईत निराळी असते, कारण प्रत्येक देश मांडीपासून आपल्या वाटेने दूर गेला आणि वाटेत त्याने आपापली खुर्ची घडवली. युरोपचे संयुक्त राष्ट्रप्रणीत मानक, क्रमांक ४४, १९८१ मध्ये अंमलात आले. ते मुलाच्या वजनावर आधारलेले होते. २०१३ मध्ये त्याच्या जोडीला क्रमांक १२९ आले; ते उंचीवर आधारलेले आहे आणि पंधरा महिन्यांपर्यंत मूल पाठमोरे ठेवण्यास भाग पाडते. १ सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघात जुन्या मानकाच्या नव्या खुर्च्या विकता येत नाहीत, असलेल्या वापरता मात्र येतात. मूल केव्हा ‘मोठे’ होते याबद्दलही एकमत नाही. इंग्लंडमध्ये २००६ पासून बारा वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल ते. जर्मनीत बारा वर्षे किंवा १५० सेंटिमीटर. म्हणजे लंडनहून फ्रँकफर्टला बदली झालेल्या कुटुंबातील १४० सेंटिमीटर उंचीची अकरा वर्षांची मुलगी खाडी ओलांडताच पुन्हा लहान होते. न्यू जर्सीत २०१५ पासून आठ वर्षे किंवा ५७ इंच ही मर्यादा आहे आणि दोन वर्षे व ३० पौंड यांखालचे मूल पाठमोरेच हवे. आमच्या कथेतली अकरा महिन्यांची मुलगी म्हणूनच गाडीच्या पाठीकडे पाहत रडत होती.

पण वयापेक्षा गुंतागुंतीची आहे ती खुर्चीची राष्ट्रीयता. माणसाला पासपोर्ट असतो तसे खुर्चीला चिन्ह असते. अमेरिकी खुर्चीवर खांद्याचे दोन पट्टे छातीपाशी एकत्र धरणारा चाप असतो. युरोपच्या नियमांना तो चालत नाही, कारण अपघातानंतर कोणत्याही वाटसरूला एका कळीत मूल सोडवता आले पाहिजे असे तेथे मानतात. ऑस्ट्रेलियात खुर्चीच्या माथ्यावरून जाणारा तिसरा पट्टा गाडीच्या नांगराला अडकवणे सक्तीचे आहे आणि ज्या खुर्चीवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकाची खूण नाही ती तेथे बेकायदा. कॅनडाला मेपलच्या पानाची राष्ट्रीय खूण लागते. सीमेपलीकडे अमेरिकेत विकत घेतलेली, तशीच दिसणारी, बहुधा त्याच कंपनीची खुर्ची त्या खुणेवाचून चालत नाही. न्यूझीलंड मात्र ऑस्ट्रेलियन, युरोपीय आणि विशिष्ट खूण असलेली अमेरिकी अशा तिन्ही खुर्च्या मान्य करते. लहान देशाची ही उदारता सोयीची की शहाणपणाची, हे ठरवणे कठीण. धक्क्याचे भौतिकशास्त्र तर सर्वत्र एकच आहे. पण त्याचे भाषांतर प्रत्येकाने आपल्या बोलीत केले आणि मग आपलीच प्रत प्रमाण मानली. पाठभेदांच्या वादांत हयात घालवणाऱ्या आमच्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

मराठी कुटुंबे ज्या इतर ठिकाणी मोठ्या संख्येने जातात तेथे हे नियम उशिरा आले. जपानने सहा वर्षांखालील मुलांसाठी एप्रिल २००० मध्ये सक्ती केली, सिंगापूरने १३५ सेंटिमीटरची अट २०१२ मध्ये आणली, संयुक्त अरब अमिरातीत चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जुलै २०१७ मध्ये. दुबईत नव्वदच्या दशकात वाढलेली आणि आता तेथेच आईबाप झालेली मराठी पिढी आहे. तिने मांडी आणि खुर्ची दोन्ही एकाच रस्त्यावर पाहिली.

आता आजीच्या प्रश्नाकडे. विमानात मांडी का चालते?

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे विमान अमेरिकेतील सू सिटी येथे कोसळले. २९६ प्रवाशांपैकी व कर्मचाऱ्यांपैकी ११२ जण दगावले. विमानात चार मुले मांडीवर होती. त्या वेळच्या नियमानुसार मुख्य विमानसेविका जॅन ब्राउन यांनी त्यांना आईबापांच्या पायांपाशी जमिनीवर ठेवण्यास सांगितले. त्यांपैकी एक मूल वाचले नाही. त्या मुलाची आई नंतर समोर आली तेव्हाचा क्षण जॅन ब्राउन विसरू शकल्या नाहीत. मांडीवरच्या मुलांनाही आसन सक्तीचे व्हावे म्हणून त्यांनी पुढची कित्येक वर्षे खटपट केली. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी मंडळानेही तशी शिफारस केली. विमान-प्रशासनाने ती मानली नाही. कारण असे दिले की तान्ह्या मुलाचेही तिकीट घ्यावे लागले तर काही कुटुंबे विमानाऐवजी मोटारीने जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा अधिक मुले मरतील. म्हणून दोन वर्षांखालील मूल आजही विमानात मांडीवर बसते. युरोपात त्याला आईच्या पट्ट्याला जोडलेला छोटा पट्टा लावतात. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तो लावण्यास अमेरिकी नियमांची मनाई आहे, कारण त्यामुळे आईचा भार मुलावर येतो. मांडी तेथे सुरक्षित ठरलेली नाही. हिशेबात ती परवडली आहे, इतकेच.

हाच हिशेब टॅक्सीतही दिसतो. न्यूयॉर्क शहराच्या पिवळ्या टॅक्सीत खुर्चीची सक्ती नाही. सात वर्षांखालचे मूल तेथे प्रौढाच्या मांडीवर बसू शकते. इंग्लंडमध्ये टॅक्सीत खुर्ची नसेल तर तीन वर्षांखालचे मूल मागच्या आसनावर पट्ट्याशिवायही चालते. सिंगापूरच्या टॅक्सीही अटीतून मोकळ्या आहेत. रस्ता तोच, वेग तोच, मूलही तेच. ज्याची स्वतःची मोटार आहे त्याच्या मुलाला कायद्याचे कवच आणि जो भाड्याने गाडी करतो त्याच्या मुलाला मांडी, असा याचा अर्थ होतो. नुकतेच परदेशी पोचलेले, अजून लायसन्स नसलेले कुटुंब पहिले काही महिने बहुधा या दुसऱ्या वर्गात असते. कायद्याने मांडी संपवली असे वर आम्ही म्हटले, ते येथे थोडे मागे घ्यावे लागेल. जेथे खुर्चीचा खर्च दुसऱ्या कोणावर पडला असता तेथे ती राहू दिली गेली.

भाषेबद्दल एक गोष्ट येथे नोंदवाविशी वाटते. इंग्रजी कायद्याची परिभाषा या वस्तूला खुर्ची म्हणत नाही. ती ‘रिस्ट्रेंट’ म्हणते, म्हणजे आवर, बंधन. जर्मन कायद्यातला लांबलचक शब्दही मागे धरून ठेवणाऱ्या साधनाचाच अर्थ देतो. दुकानदार आणि आईबाप मात्र ‘सीट’ म्हणतात, स्वीडिश माणूस ‘गाडीतली मुलाची खुर्ची’ म्हणतो. राज्याला बंधन दिसते आणि घराला आसन दिसते. मराठीने अद्याप दोन्हींपैकी काहीच घडवलेले नाही. आपण ‘कार सीट’ म्हणतो आणि त्यातून मूल वगळूनच टाकतो. न समजणाऱ्याला ती गाडीची गादी वाटावी.

भारताचा कायदा २०१९ चा. मोटार वाहन कायद्यात त्या वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १९४-बी आले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. चौदा वर्षांखालील मूल सुरक्षा-पट्टा किंवा बाल-आसन यांनी बांधलेले नसेल तर वाहन चालवणाऱ्यास एक हजार रुपये दंड. सारा भार एका वाक्यावर आहे, आणि त्या वाक्याचा सारा भार ‘किंवा’ या शब्दावर. सहा महिन्यांच्या मुलाला प्रौढाचा पट्टा बांधता येत नाही आणि तेरा वर्षांच्या मुलाला खुर्ची लागत नाही. कोणत्या वयाला काय, हे ‘किंवा’ सांगत नाही. टेनेसीच्या कायद्यात मांडीचा अपवाद लिहून घातला होता, म्हणून तो खोडता तरी आला. आपल्याकडे मांडी कायद्यात कोठेच नाही आणि रस्त्यावर सर्वत्र आहे. मागे बसणाऱ्या मोठ्यांनी पट्टा लावावा, हीच गोष्ट सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन होईपर्यंत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर नव्हती. भारतातील गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी ‘भारत एनकॅप’ ही योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तीत बाल-प्रवाशांसाठी वेगळे गुण आहेत, आणि गाडी घेताना मुलांचे तारे विचारणारे आईबाप आम्हांला अलीकडे भेटू लागले आहेत. त्यांत परदेशी राहून परतलेले अधिक.

तथापि आपल्याकडे बहुसंख्य मुले मोटारीतून जातच नाहीत. ती दुचाकीवरून जातात. पूर्वी वडिलांच्या स्कूटरवर पुढच्या पायफळीवर उभे राहण्याचा मान असे, थोरले पुढे आणि धाकटे आईच्या मांडीवर, आणि आमच्यातल्या दोघांनी तो मान उपभोगलेला आहे. या प्रवाशांसाठीचा नियम १५ फेब्रुवारी २०२२ रोजी अधिसूचित झाला आणि वर्षभराने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलाला शिरस्त्राण हवे, आणि मूल बसवलेले असताना वाहनाचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये. याखेरीज एक ‘सुरक्षा-जुंपणी’ हवी. तिचे वर्णन नियमात सविस्तर आहे. मुलाने बंडीसारखे घालायचे एक वस्त्र. ते वजनाला हलके, मुलाच्या मापाने कमीजास्त करता येणारे आणि तीस किलोपर्यंतचा भार पेलणारे असावे. त्या बंडीला जोडलेले दोन पट्टे चालवणाऱ्याने आपल्या दोन्ही खांद्यांवरून घ्यायचे, म्हणजे मुलाचे धड चालवणाऱ्याच्या अंगाशी पक्के बांधलेले राहते.